हॉलो प्लिंथचे कॉलम आधी की लिफ्ट आणि रंग आधी? (बडोदे)

दांडियाबाजारकर, १९ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. इथे बडोद्याचे बरेच जण आहेत, त्यात बांधकामातले जाणकारही आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची इमारत १९९४ सालची. खाली हॉलो प्लिंथ, म्हणजे भिंती नसलेलं, नुसत्या कॉलमांवर उभं असलेलं पार्किंग, वर चार मजले, सोळा घरं, अठरा कॉलम. दांडिया बाजारातलं भाड्याचं घर सोडून आईबाबा इथे आले तेव्हा मी अकरावीत होतो. सध्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे. जमलेल्या फंडातून लिफ्ट बसवायची आणि बाहेरून रंग द्यायचा, असं दोन वर्षांपासून ठरलंय. वरच्या मजल्यांवर वयस्क माणसं आहेत, त्यामुळे लिफ्टची गरज खरीच आहे.

पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी चढली आणि आमच्या पार्किंगमध्ये छातीभर पाणी आलं. ते ओसरल्यावर चिखल काढला, मोटार बदलली, विषय संपला असं वाटलं. दिवाळीच्या सुमारास मागच्या कोपऱ्यातल्या कॉलमचं प्लास्टर फुगलेलं दिसलं. उत्तरायणानंतर मिस्त्रीला बोलावलं. त्याने छिन्नीचे तीन-चार घाव घातले आणि हातभर लांबीचा पोपडा काँक्रीटसकट खाली आला.

आत जे दिसलं ते सांगतो. कॉलम ९ इंच बाय १५ इंच. उभ्या सळया सहा, १६ मिमीच्या. त्या सळयांना आडव्या वेढणाऱ्या रिंगा ६ मिमीच्या, साध्या गुळगुळीत सळईच्या. टेप लावली तर एका रिंगेपासून दुसरीपर्यंत साडेनऊ इंच. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात दुमडून कॉलमच्या बाजूला चिकटवून ठेवलेलं. मी बोटाने दाबलं तर ते टोक हललं. त्याला जागेवर धरून ठेवलं होतं ते त्या पोपड्याने, आणि पोपडा माझ्या पायाशी पडला होता.

येत्या रविवारी भूजच्या भूकंपाला २४ वर्षं होतील. त्या सकाळी मी याच इमारतीत होतो. ८ वाजून ४६ मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली, आईने गॅस बंद केला आणि आम्ही जिन्याने खाली पळालो. कुठे जाऊन उभे राहिलो? याच पार्किंगमध्ये, याच कॉलमांच्या मधे. परवा टॉर्च घेऊन त्या रिंगेकडे बघताना ते आठवलं आणि अंगावर काटा आला.

माझे प्रश्न दोन. अशा इमारतीला भूकंपासाठी मजबूत करता येतं का, की हे फक्त पुस्तकातलं आहे? आणि फंडाचे पैसे आधी यावर घालावेत असं मला मनापासून वाटतं, ते सभेत पटवून कसं द्यायचं?

कारेलीबागेतली, १९ जानेवारी

वाचते आहे. आमचीही १९९६ ची, हॉलो प्लिंथ अधिक चार. आत्ता खाली जाऊन कॉलम मोजून आले. ९ बाय १२ आहेत, प्लास्टर धरून. माहितगारांनी लिहाच.

निवृत्त ओव्हरसियर, १९ जानेवारी

दांडियाबाजारकर, तुम्ही टेप लावून मोजलंत हे फार चांगलं केलंत. लोक प्लास्टर करून मोकळे होतात.

मी कलाभवनातून डिप्लोमा केला आणि सदतीस वर्षं बांधकामावर काढली. तुमच्या कॉलममध्ये जे आहे ते त्या काळात सगळीकडे तसंच व्हायचं. मीही तशा रिंगा बांधून घेतल्या आहेत, आणि आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा आमची समजूत अशी, की रिंग म्हणजे उभ्या सळया काँक्रीट ओतेपर्यंत जागेवर धरून ठेवायची सोय. हूक काटकोनात वळवला की बांधणाऱ्याचं काम लवकर उरकतं.

रिंगेचं खरं काम भूकंपात सुरू होतं. इमारत डावीउजवीकडे झुलते तेव्हा कॉलमच्या दोन्ही टोकांना, म्हणजे तळाशी आणि बीमच्या खाली, सगळ्यात जास्त ताण येतो. पहिल्या काही हेलकाव्यांत कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, सुटून पडतं. त्यानंतर आतलं काँक्रीट आणि सळया यांना बांधून ठेवणारं एकच काही उरतं, ते म्हणजे रिंग. तिचा हूक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवलेला असेल तर ती सुटत नाही. काटकोनातला हूक कव्हरच्याच भरवशावर असतो. कव्हर पडलं की तो उघडतो, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. पिंपावरची पट्टी सुटली की फळ्या जशा बाहेर येतात, तसंच.

या सगळ्याचा कोड, म्हणजे बांधकामाचं भारतीय मानक आयएस १३९२०, १९९३ साली आला. कॉलमच्या टोकांना रिंगा ७५ ते १०० मिमी अंतरावर हव्यात, असं त्यात आहे. तुमच्याकडे साडेनऊ इंच, म्हणजे २४० मिमी. हे टोक किती लांबीचं धरायचं तेही दिलंय: कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग किंवा ४५० मिमी, यांतलं जे जास्त असेल ते. उभ्या सळयांचे जोड कॉलमच्या मधल्या भागात यावेत, असंही आहे. आम्ही सर्रास स्लॅबच्या वर लगेच जोड द्यायचो, म्हणजे ताण सर्वांत जास्त असतो नेमका तिथे.

आता तुमच्या बिल्डरला शिव्या घालण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तो कोड पहिल्यांदा आला तेव्हा भूकंपाच्या नकाशावरच्या झोन ३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे, सरसकट लागू नव्हता. राहत्या साध्या इमारतीला तो पाच मजल्यांपेक्षा उंच असेल तरच लागायचा. हॉलो प्लिंथ अधिक चार म्हणजे बरोब्बर पाच. भूजनंतर, २००२ च्या दुरुस्तीत, झोन ३, ४ आणि ५ मधल्या सगळ्या आरसीसी इमारतींना तो लागू केला. तेव्हा १९९४ च्या तुमच्या इमारतीत कोणी फसवणूक केलीच असेल असं नाही, पण म्हणून कॉलम मजबूत ठरत नाही.

मांजलपूरकर, २० जानेवारी

कोणाला दुखवायचं नाही, पण एक विचारतो. २००१ मध्ये एवढा मोठा भूकंप झाला, तरी बडोद्यात आपल्या या इमारती उभ्या राहिल्या. मग ती परीक्षा पास झाल्यासारखीच नाही का? आमच्या सोसायटीत निम्मी घरं पेन्शनवर आहेत. एका घराला लाख-सव्वा लाख रुपये काढायला लावणं सोपं नाही. भीती दाखवून पैसे काढणारे ठेकेदारही आम्ही पाहिले आहेत.

साबरमतीपार, २० जानेवारी

मांजलपूरकर, तुमची पैशांची काळजी रास्त आहे. पण परीक्षेचं म्हणाल तर मी जे पाहिलं ते सांगतो.

२००१ मध्ये मी अहमदाबादला नोकरीला होतो. त्या दिवशी दुपारपासून पुढचे चार दिवस आम्ही काही मित्र एका पडलेल्या इमारतीपाशी मदतीला होतो. ती पाच मजली होती असं तिथले लोक सांगत होते. मी मोजले तर चारच मजले दिसत होते. पहिला मजला जमिनीवर येऊन बसला होता. त्याच्या बाल्कनीच्या कठड्यावरून पाय टाकून आम्ही थेट रस्त्यावरून आत जात होतो. वरच्या मजल्यांवर काही घरांतली कपाटं जागच्या जागी उभी होती. पाचवा मजला, म्हणजे पार्किंग, उरलाच नव्हता. स्कूटरी स्लॅबखाली वीतभर जाडीच्या झाल्या होत्या.

शेजारी त्याच उंचीची, त्याच सुमाराला बांधलेली इमारत उभी होती. तिच्या तळमजल्यावर पार्किंग नव्हतं, दुकानं होती आणि त्यांच्यामधे विटांच्या भिंती होत्या. भिंतींना तिरप्या भेगा पडल्या होत्या, पण ती उभी होती.

भूकंपाचं केंद्र भचाऊजवळ, अहमदाबादपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर. तरी तिथे शेकडो माणसं गेली, ती बहुतेक अशाच हॉलो प्लिंथच्या इमारतींत. बडोदं त्याहून शंभरेक किलोमीटर लांब होतं. आपण पास झालो नाही, आपला पेपरच झाला नाही.

निवृत्त ओव्हरसियर, २० जानेवारी

साबरमतीपार यांनी जे लिहिलंय त्यात आकडा जोडतो. त्या दिवशी अहमदाबादच्या पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीत कंपनमापक यंत्र होतं. जमिनीच्या पातळीवर त्याने गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ११ टक्के इतका धक्का नोंदवला. झोन ३ साठी कोडमध्ये सगळ्यात मोठ्या अपेक्षित धक्क्याचा आकडा ०.१६, म्हणजे १६ टक्के आहे. बडोदंही झोन ३ मध्येच येतं. म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी धक्क्यात त्या इमारती बसल्या.

आणि आपल्या जवळ काहीच नाही असंही नाही. १९७० च्या मार्चमध्ये भरूचला भूकंप झाला, माणसं दगावली. भरूच आपल्यापासून सत्तरेक किलोमीटर. नर्मदेच्या खोऱ्याला भूगर्भातल्या भेगांचा पट्टा आहे. १९९७ मध्ये जबलपूर हललं तेही याच पट्ट्यावर.

मूळची औश्याची, २० जानेवारी

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, लग्न होऊन बडोद्याला आले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारीची घरं दगडमातीची होती, तुमच्यासारखी काँक्रीटची नव्हती, त्यामुळे ते इथे ताणत नाही. एवढंच सांगते, की तेव्हाच्या नकाशावर आमचा भाग झोन १ मध्ये होता. सर्वांत सुरक्षित. शाळेत आम्हाला तसंच शिकवलं होतं. माझ्या मावशीच्या घरातलं कोणी राहिलं नाही.

दांडियाबाजारकर, २२ जानेवारी

ताई, काय लिहावं कळत नाही. तुम्ही हे इथे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

ताजी खबर देतो. दोन ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणाला, गंजलेल्या सळईला केमिकल लावू, पॉलिमर मॉर्टर भरू, झालं काम. दुसरा म्हणाला, मागच्या बाजूचे तीन कॉलम जास्त खराब आहेत, तेवढ्यांना जॅकेटिंग करू, म्हणजे भोवती काँक्रीटचा नवा थर देऊ. आमच्या कमिटीतल्या एका काकांची तिसरीच सूचना आहे: पार्किंगच्या मागच्या दोन बाजूंना विटांची भिंत बांधून टाकावी, म्हणजे साबरमतीपार म्हणतात तशी दुकानांच्या भिंतींसारखी मदत होईल आणि चोऱ्याही थांबतील.

यातलं बरोबर काय?

सळईवाली, २२ जानेवारी

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, बडोद्यातच काम करते, गेली बारा वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं. कामाची जाहिरात करायची नाही म्हणून नाव-पत्ता लिहीत नाही. तिन्ही सूचनांबद्दल सांगते, कारण या तिन्ही मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं.

आधी रोग कुठला ते बघू. तुमच्या वरच्या चार मजल्यांत खोल्याखोल्यांच्या विटांच्या भिंती आहेत. त्यामुळे तो सगळा भाग मिळून एक ताठ पेटी होते. खाली पार्किंगमध्ये भिंतच नाही, नुसते कॉलम. भरलेली धान्याची कोठी बारीक पायांच्या चौरंगावर ठेवावी, अशी ही रचना आहे. जमीन हलली की कोठीला काही होत नाही, सगळी हालचाल चौरंगाच्या पायांत एकवटते. याला आम्ही सॉफ्ट स्टोरी म्हणतो. २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडमध्ये म्हणूनच असं आलं, की पार्किंगच्या मजल्याचे कॉलम आणि बीम हिशोबात येणाऱ्या बळाच्या अडीच पटीला डिझाइन करा. तुमचे कॉलम त्याच्या आठ वर्षं आधीचे.

पहिला ठेकेदार सांगतो ती गंजाची दुरुस्ती आहे. ती करायलाच हवी, पण तिने कॉलमची भूकंपातली ताकद १९९४ ला होती तेवढीच होईल. आणि ती तेव्हाच अपुरी होती.

दुसऱ्याची सूचना जास्त धोक्याची आहे, कारण ती शहाणपणाची वाटते. एका बाजूचे तीनच कॉलम जाड केलेत तर ती बाजू ताठ होते आणि दुसरी लवचीक राहते. भूकंपात इमारत सरळ झुलण्याऐवजी त्या ताठ बाजूभोवती पिळली जाते. मग समोरचे पातळ कॉलम आधीपेक्षाही जास्त फरफटतात. काकांच्या दोन बाजूंच्या विटांच्या भिंतींचंही हेच. शिवाय त्या भिंती त्यांनी अर्ध्या उंचीपर्यंतच बांधल्या, वर जाळी ठेवली, तर आणखी एक संकट येतं. दहा फुटी कॉलमचे खालचे पाच फूट भिंतीत अडकले की हालचाल वरच्या पाच फुटांतच करावी लागते, आणि आखूड कॉलम वाकण्याऐवजी तिरपा चिरतो. तुमच्या मीटर बोर्डापाशी अशी अर्धी भिंत आहे का ते बघा. बहुतेक सोसायट्यांत असते.

मग करायचं काय? आधी तपासणी. नुसत्या रिबाउंड हॅमरवर कोणी रिपोर्ट देत असेल तर घेऊ नका, तो फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. अल्ट्रासोनिक चाचणी, मोजक्या ठिकाणचे कोअर (कापून काढलेले काँक्रीटचे नमुने), सळया शोधणारं स्कॅनर, आणि कार्बोनेशनसाठी, म्हणजे सळईला गंजापासून वाचवायची काँक्रीटची शक्ती कुठवर संपलीय ते बघायला, फिनॉल्फ्थेलीनचा फवारा एवढं तरी हवं. दोन-तीन ठिकाणी खणून फुटिंग, म्हणजे कॉलमचा जमिनीतला पाया, उघडं करून बघणं टाळू नका. मूळ ड्रॉइंग मिळालं तर उत्तमच. त्यावर इमारतीचं गणिती मॉडेल करून कुठला कॉलम किती कमी पडतो ते निघतं. जुन्या आरसीसी इमारतींची तपासणी आणि मजबुतीकरण यासाठी २०१३ पासून आयएस १५९८८ हा वेगळा कोडच आहे. तुमच्या इंजिनिअरला विचारा की तो हा कोड वापरणार का. त्याने नाव ऐकलं नसेल तर दुसरा शोधा.

उपाय साधारण तीन प्रकारचे.

काँक्रीट जॅकेटिंग तुमच्यासारख्या इमारतींना बहुतेक वेळा जमतं. जुन्या कॉलमभोवती चारही बाजूंनी निदान १०० मिमीचा नवा थर, नव्या उभ्या सळया, नव्या जवळजवळ रिंगा, हूक १३५ अंशांचे. खरी मेख दोन्ही टोकांना आहे. नव्या सळया खाली फुटिंगमध्ये रुतल्या पाहिजेत आणि वर स्लॅबला भोकं पाडून पुढच्या मजल्यात गेल्या पाहिजेत. स्लॅबखाली येऊन थांबलेलं जॅकेट म्हणजे पायमोजा. त्याने गाभा आवळला जातो, पण टोकाशी वाकताना लागणारी ताकद वाढत नाही. मी असे पायमोजे बरेच पाहिले आहेत, वर छान रंग दिलेले.

कार्बन फायबरची पट्टी गुंडाळणं हा दुसरा. कॉलमचे कोपरे घासून गोल करतात आणि इपॉक्सीने पट्टी चिकटवतात. जागा खात नाही, काम झटपट होतं, रिंगांची उणीव भरून निघते. पण कॉलम ताठ होत नाही, त्यामुळे सॉफ्ट स्टोरीचा मूळ दोष एकट्या पट्टीने जात नाही. आणि गंज आत ठेवून वरून गुंडाळलंत तर तो आत वाढतच राहतो.

तिसरा, पार्किंगमध्ये मोजक्या जागी काँक्रीटच्या शिअर वॉल, म्हणजे भूकंपाचं आडवं बळ पेलणाऱ्या भिंती, किंवा लोखंडी तिरपे ब्रेसिंग, दोन्ही दिशांना आणि शक्य तितकं समतोल. काकांची भिंतीची कल्पना मुळात इथेच पोहोचते. फक्त ती विटांची आणि एका बाजूला नको, तिला स्वतःचा पाया हवा आणि वरच्या बीमशी पक्की जोडलेली हवी. चार-पाच गाड्यांची जागा जाते. सभेत सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात, पैशांवरून नव्हे.

कारेलीबागेतली, २३ जानेवारी

सळईवाली ताई, एवढं कोणी कधी समजावलं नव्हतं. आमच्याकडे मीटर बोर्डापाशी अगदी तशीच चार फुटी भिंत आहे, दोन कॉलमांना चिकटून. ती पाडून टाकावी का?

सळईवाली, २३ जानेवारी

पाडायची गरज नाही. भिंत आणि कॉलम यांच्यात फट ठेवून घ्या. कापून घ्यायची आणि थर्माकोलसारखं मऊ काहीतरी भरून वरून सीलंट. किती रुंद ते तुमच्या इंजिनिअरने ठरवावं. लांब भिंत असेल तर ती सुटी उभी राहील ना, तेही त्याने बघावं.

मांजलपूरकर, २३ जानेवारी

हे सगळं वाचून माझं मत बदलायला लागलंय, हे कबूल करतो. तरी एक शंका आहे. एवढा खर्च करण्यापेक्षा रिडेव्हलपमेंटलाच का देऊ नये? गुजरातमध्ये २५ वर्षं पूर्ण झाली आणि ७५ टक्के सभासद तयार असले की जाता येतं.

दांडियाबाजारकर, २४ जानेवारी

ते आम्ही चार वर्षांपूर्वी करून पाहिलं. आमचा प्लॉट लहान, रस्ता अरुंद. दोन बिल्डर बघून गेले, परत आले नाहीत. ज्यांना जमतंय त्यांनी जरूर करावं, नवी इमारत नव्या कोडने होईल. पण रिडेव्हलपमेंट होणार आहे म्हणून कॉलमला हात न लावता सोसायट्या दहा-दहा वर्षं थांबलेल्या मी पाहतोय. भूकंप सभेचा ठराव बघून येत नाही.

तपासणी सुरू झाली, त्याबद्दल लिहितो. काल इंजिनिअरने फिनॉल्फ्थेलीन मारलं. तो पोपडा पडलेला कॉलम त्याने अजून थोडा फोडून घेतला, ब्रशने धूळ झाडली आणि फवारा मारला. सोसायटीतली चार-पाच मुलंही बघायला जमली होती. काँक्रीट चांगलं असेल तिथे गुलाबी रंग येतो, असं त्याने आधीच सांगितलं होतं. बाहेरचा भाग आहे तसाच राखाडी राहिला. आत, पार दीड इंच आत, गुलाबी उमटला. सळई त्या राखाडी भागातच होती. म्हणजे काँक्रीट सळईला गंजापासून जे संरक्षण देतं, ते तिथे संपलेलं. पुढच्या बाजूच्या कॉलमवर मारलं तर अर्ध्या इंचापासूनच गुलाबी. एका मुलीने विचारलं, "मग हा कॉलम आजारी आणि तो बरा का?" इंजिनिअर म्हणाला, मागचा कॉलम बाथरूमच्या पाइपाखाली आहे, तो तीस वर्षं ओला होतोय. पूर फक्त शेवटी आला.

पाइपांची गळती हा विषय आम्ही दर सभेत "पुढच्या वेळी" म्हणून ढकलला होता. इतक्या वर्षांच्या मिनिट्समध्ये ते लिहिलेलं आहे.

निवृत्त ओव्हरसियर, २४ जानेवारी

गच्चीवर किती टाक्या आहेत? एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. वर जितकं वजन, तितकं भूकंपात इमारतीला ओढणारं बळ. न वापरता पडून असलेली काँक्रीटची जुनी टाकी असेल तर तिची सोय आधी लावा.

दांडियाबाजारकर, २५ जानेवारी

काका, नवीन प्लास्टिकच्या टाक्या बसवल्यावर जुनी काँक्रीटची टाकी तशीच आहे, पावसाचं पाणी साठलेली. उत्तरायणाला मुलं तिच्यावर चढून पतंग उडवतात. उद्या उपसतो, आणि ती काढून टाकायचं इंजिनिअरला विचारतो.

दांडियाबाजारकर, १६ मार्च

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. जनरल सभा झाली.

मी भाषण केलं नाही. पोपडा पडला त्या जागेवर मिस्त्रीला एक नवी रिंग १३५ अंशांच्या हूकने बांधून ठेवायला सांगितली होती, जुन्या रिंगेच्या शेजारीच. सगळ्यांना खाली नेलं आणि दोन्हींना हात लावून बघा म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं वय ८२. लिफ्टसाठी गेली दोन वर्षं सगळ्यात जास्त मागे लागल्या होत्या त्याच. त्यांनी जुन्या रिंगेचं टोक बोटाने हलवून पाहिलं, मग नवीचं. नवीचं हललं नाही. त्या म्हणाल्या, "लिफ्ट पुढच्या वर्षी बसवा. मी जिना चढेन." त्यानंतर फारसा वाद झाला नाही.

रिपोर्टप्रमाणे अठराच्या अठरा कॉलमांना फुटिंगपासून पहिल्या मजल्याच्या वरपर्यंत जॅकेटिंग, आणि जिन्याच्या दोन्ही अंगांना मिळून चार छोट्या शिअर वॉल. तीन गाड्यांची जागा गेली. ज्यांची गेली त्यांच्यापैकी एक मीच. प्रत्येक घरामागे सव्वा लाख, तीन हप्त्यांत. दोन घरांना जमणार नव्हतं, त्यांचा पहिला हप्ता फंडातून भरलाय. बाथरूमचे पाइप आधी बदलून झाले.

सळईवाली, १६ मार्च

वाचून फार बरं वाटलं. तीन गोष्टी ठेकेदाराकडून लेखी घ्या. एक, टेकू लावल्याशिवाय एकाही कॉलमला छिन्नी लावायची नाही, आणि शेजारचे दोन कॉलम एकदम फोडायचे नाहीत. दोन, नवं काँक्रीट जुन्यापेक्षा निदान ५ एमपीए (काँक्रीटच्या ताकदीचं माप) जास्त ताकदीचं, आणि क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, किती दिवस ते करारात. तीन, प्रत्येक कॉलमच्या रिंगा बांधून झाल्या की फर्मा लावण्याआधी तुमचा इंजिनिअर आणि कमिटीतलं कोणीतरी एक जण हूक बघणार. जुना कॉलम मधे असल्यामुळे रिंगा दोन तुकड्यांत घालाव्या लागतात, आणि नेमकी तिथेच चालढकल होते. फोटो काढा, प्रत्येकाचा.

मांजलपूरकर, १७ मार्च

आमच्याही सोसायटीने तपासणीला होकार दिला. सळईवाली ताईंनी लिहिलेला मजकूर प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलाय, गुजराती भाषांतर शेजाऱ्यांनी करून दिलं. दांडियाबाजारकर, काम चालू असताना एकदा बघायला आलो तर चालेल का? कमिटीतले आणखी दोघं येतील.

दांडियाबाजारकर, १७ मार्च

जरूर या. पाडव्यानंतरच्या रविवारी मागच्या कोपऱ्यातला पहिला कॉलम घेतोय. फुटिंग शनिवारीच उघडं करून ठेवणार, म्हणजे सळया खाली कशा रुतवतात ते दिसेल. सकाळी आठच्या आत या, नंतर टेकू लावायला घेतील आणि आत सोडणार नाहीत. गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावा, पार्किंग रिकामं करून ठेवलंय.